मखमली कुंची विरुद्ध जुने लुगडे

अर्जदार: गोविंद राघो, वय पन्नाशीच्या अलीकडे (पलीकडे आहे असे ज्यास वाटते त्याने ते सिद्ध करावे), धंदा अर्जनवीस, राहणार चौल, बैठक रेवदंडा बंदरावर पिंपळाखाली.

सामनेवाला: अर्जदाराचा नातू, नामे श्रीधर, हल्ली राहणार दिघी, धंदा रांगणे.

साक्षीदार: अर्जदाराची कन्या यमुना, जी कमी बोलते, अर्जदाराची थोरली बहीण अक्का, मुक्काम किहीम, जी विचारल्याशिवाय साक्ष देते, आणि चांगुणा कोळीण, रेवदंडा, जिचा स्वतःचा अर्ज अद्याप अपुरा आहे.

तारीख: मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढचे साल. तिथी देता येत नाही, कारण त्या सालचे पंचांग सामनेवाल्याने चघळून टाकले.

तक्रार: सामनेवाल्याच्या अंगावरचे इसब बरे झाले, त्यामुळे अर्जदाराचे फार नुकसान झाले आहे.

वाचकांनी या शेवटच्या कलमावर घाईने निकाल देऊ नये. दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात. सामनेवाल्याची बाजू त्यास बोलता येत नसल्याने मीच मांडतो, आणि ती निःपक्षपातीपणे मांडतो.

प्रथम माझ्याविषयी. मी मराठी सहावीपर्यंत शिकलो. सातवीच्या परीक्षेच्या दिवशीच मला हिवताप भरला. तो भरला नसता तर आज लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला नव्हे, अर्ज द्यायला आले असते! तरीही या किनाऱ्यावर असा तांडेल नाही, की ज्याच्या होडीचा किंवा भावाचा तंटा माझ्या लेखणीखालून गेला नाही. दिवसभर माझ्याभोवती माणसेच माणसे असतात आणि सगळी एकदम बोलतात. संध्याकाळी मी चौलास घरी येतो आणि कोणीच बोलत नाही. आमची ही यमूच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून घरात आवाज करणारे एक घड्याळ होते. तेही पुढे बंद पडले.

हिची लुगडी मात्र मी ट्रंकेत कुलूप लावून ठेवली होती. चावी माझ्या करगोट्याला. पाऊस सरला की दरवर्षी मी ती लुगडी बाहेर काढून अंगणातल्या दोरीवर उन्हात घालीत असे. त्या दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावे, की आत बाईमाणूस आहे, आत्ता ओले हात पुसत ओटीवर येईल. लुगडी वाळली तरी मी ती लगेच काढीत नसे. (कापडाला ऊन भरपूर लागते, असे माझे मत आहे.)

यमू पहिलटकरीण म्हणून दिघीहून मचव्याने माहेरी आली. तिची आई नाही, म्हणून किहीमहून अक्का आली. आंब्याला मोहोर होता तेव्हा सामनेवाल्याचा जन्म झाला, आणि तो पुरता रडूनही झाला नव्हता तोच अक्काने माझ्यापुढे हात पसरला.

"गोविंदा, ट्रंकेची चावी दे. पोराला जुनेर हवं."

आमच्याकडे तान्ह्या मुलाला नवे कापड घालीत नाहीत. आजीचे लुगडे धुऊन धुऊन विरलेले असते, ते फाडून त्याची झबली, दुपटी शिवतात. त्यालाच जुनेर म्हणायचे. ही रीत मला ठाऊक होती. पण रीत सर्वसामान्य लोकांसाठी असते.

"अर्जनवीसाचा नातू चिंध्यांत गुंडाळायचा?" मी म्हणालो.

"चिंध्या नव्हेत रे. मऊ कापड."

"तेच ते!"

"तेच ते कसं? तू नि मामलेदार तेच ते का?"

मी करगोट्याची चावी आत खोचली. खाटेवरून यमू म्हणाली, "राहू दे, अक्का. बाबांना नको असेल तर राहू दे." अखेर अक्काने स्वतःचे एक लुगडे फाडून वेळ भागवली, आणि मी तत्काळ रेवदंड्याचा रस्ता धरला. नातवाचा बाळंतविडा असा करायचा, की दिघीच्या विहीणबाईंनी तोंडात बोट घालावे!

हसनमियांच्या दुकानात जांभळी विलायती मखमल होती. अडचण एवढीच, की विलायती कापडावर तेव्हा बहिष्कार होता आणि दुकानाच्या पायरीवर स्वयंसेवक बसले होते. त्यांतील निम्म्यांचे अर्ज मी लिहिलेले. मी मागच्या दाराने आत शिरलो.

"माल उमदा आहे," हसनमियां कापडावर उलटा हात फिरवीत म्हणाले. "याच थानातलं मुरूडला बड्या घरी गेलंय. पण अर्जनवीस, नेणार कसं? बाहेर तुमच्याच आळीतले बसलेत."

"कायदेशीर रीतीने खरेदी केलेली वस्तू नेण्यास कोणाचीही..."

"कायदा ऱ्हाऊ द्या. टोपली सांगा, टोपली!"

टोपली चांगुणा कोळणीची होती. ती तिच्या अर्जाची चौकशी करीत माझ्या मागोमाग तिथवर आलीच होती. "द्या हिकडं, अर्जवालं," ती म्हणाली. "माज्या टोपलीत कोन हात घालनार न्हाय." तिने मखमल टोपलीच्या तळाशी घातली, वर सुके बोंबील पसरले आणि स्वयंसेवकांच्या देखत ती डोलत निघून गेली. मी दहा पावले मागून, आकाशाकडे पाहत.

त्या मखमलीची कुंची झाली. कुंचीला जरीचे काठ झाले, जरीचा अंगरखा झाला. बारशाला बायका जमल्या, पाळणा सजला, आणि नाव ठेवण्याच्या ऐन वेळी आळीतली समस्त मांजरे एकेक करून पाळण्याखाली येऊन बसली! मखमल धुता येत नाही, हे मला तेव्हा कळले. बायका पदर नाकाला लावून पाळणा म्हणत होत्या. मी प्रसंगावधान राखून कुंचीवर अर्धी बाटली अत्तर ओतले. मांजरे गेली नाहीत. फक्त शिंकू लागली.

तरी मी माघार घेतली नाही. बारसे झाल्यावर अक्काची चिंधी वर्ज्य करून मी फर्मावले, की नातवाने मखमल आणि जरीच वापरावी. संध्याकाळी मी घरी येई तेव्हा तो जांभळ्या कुंचीत पडून घामाने निथळत माझ्याकडे संस्थानिकासारखा रागाने पाही. मी त्याला त्या दिवशी लिहिलेले अर्ज मोठ्याने वाचून दाखवी. तो ऐके. माझा अर्ज शेवटपर्यंत ऐकून घेणारा या घरात कित्येक दिवसांनी कोणी भेटला होता.

चैत्र लागला आणि सामनेवाल्याच्या गालावर लाल चट्टा उठला. मग मानेच्या वळीत उठला. मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत. चट्ट्यांतून पाणी सुटे, त्यावर खपली धरे, आणि पोर दुलईला गाल घासघासून ती पुन्हा काढी. त्याचे रडणे ऐकवत नसे. वैद्य आले, चष्मा पुसून म्हणाले, "इसब. उष्णता," आणि लेप देऊन गेले. लेपाने मखमल हिरवी झाली.

मी रीतसर चौकशी सुरू केली. प्रथम यमूला बोलावले.

"तू वांगे खाल्लेस की नाही? हो किंवा नाही?"

"नाही, बाबा."

"कोलंबी?"

"मला कोण देतंय कोलंबी? अक्का मेथीशिवाय काही समोर येऊ देत नाही."

"मेथी!" मी ओरडलो.

"गोविंदा," अक्का आतून म्हणाली, "मेथीनं कुणाच्या मानेला जरीच्या काठाबरहुकूम चट्टा उठलेला मी तरी पाहिला नाही!" ही साक्ष न विचारता दिलेली असल्याने मी ती नोंदली नाही.

इतक्यात मचव्याच्या तांडेलाबरोबर विहीणबाईंचा निरोप आला. पोराची कातडी निवळेपर्यंत सून आणि नातू तिकडेच असू द्यावेत; घरात आणखी लेकरे आहेत, ही पीडा त्यांना नको. इसब एकाचे दुसऱ्यास लागत नाही, असे वैद्य सांगत होते; पण वैद्यांचा आवाज दिघीपर्यंत पोहोचत नाही. आता ज्यांना आमचा किनारा माहीत नाही त्यांना सांगितले पाहिजे, की मृग लागला की समुद्र बंद होतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत मचवा सुटत नाही. म्हणजे मृगापूर्वी पोर बरे झाले नाही, तर पावसाळाभर दोघांचा मुक्काम चौलास! यमूने पदर डोळ्यांना लावला. "नांदत्या घरात मलाच असं बाजूला टाकलं, बाबा," ती म्हणाली. "पोरापायी." मी अतिशय गंभीर चेहऱ्याने तिचे सांत्वन केले. चेहरा गंभीर ठेवण्यास मला श्रम पडले, एवढे येथे नमूद करतो.

परंतु नातवाचे हाल पाहवत नव्हते, हेही तितकेच खरे. दोष खाऱ्या वाऱ्याचा आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि मुंबईहून लोकरीची बंडी आणि कानटोपी मागवली.

"बाबा, वैशाख आहे," यमू म्हणाली.

"लोकर हे अंगाचे चिलखत होय."

चिलखत घातल्यावर सामनेवाला घटकाभरात पिकल्या रातांब्याच्या रंगाचा झाला. त्याने जी आरोळी ठोकली, तिने शेजारच्या वाडीतला माडावर चढलेला भंडारी माडीचे मडके न घेताच खाली उतरला! बंडी काढली तेव्हा पाठीवरही चट्टे होते, बंडीच्या वेलबुट्टीसकट.

त्यातच मखमलीची बातमी फुटली. (चांगुणाने कोणास सांगितले नाही. मांजरांनी सांगितले.) बंदरावर लोक मला पाहून खाकरू लागले. एका दगडात दोन पक्षी मारावेत म्हणून मी जाडीभरडी खादी आणून नातवाची झबली शिवून घेतली आणि देशभक्त नातू म्हणून त्यास ओटीवर उशीला टेकून बसवले. आता खादीत दोष नाही. दोष खळीत. मला चुरगळलेले कापड सहन होत नाही, म्हणून मी ती झबली खळीत बुडवून, स्वतः इस्त्री करून ताठ केली होती. जमिनीवर ठेवले तर झबले आपोआप उभे राही! दुरून नातू बसल्याचा भास होई, आणि जवळ जावे तर नातू आत नसे. आत असला की त्याच्या बगलेत आणि मानेत ते कापड करवतीसारखे चाले. मूठभर पोर, हातांना फडकी बांधलेली, खाजवता येत नाही म्हणून नुसतेच डोके हलवीत माझ्याकडे पाहत होते. त्या दिवशी मी त्याला अर्ज वाचून दाखवू शकलो नाही.

पुढची घटना दुपारची. बंदरावर बसल्या बसल्या माझे डोके दुखू लागले, म्हणून मी लवकर घरी निघालो. येऊन पाहतो तो दार उघडे, माजघरात ट्रंक उघडी, कुलूप जमिनीवर, आणि कुलुपाशेजारी नारळ सोलायची पहार!

"घरफोडी!" मी गर्जना केली. "भरदिवसा घरफोडी! हे कोणत्या कलमात बसते, ठाऊक आहे का?"

"हळू," यमू म्हणाली. "निजलाय."

पाळण्यात सामनेवाला उघडा निजला होता. अंगाखाली आणि अंगावर हिचे निळे लुगडे, रोजच्या वापराचे, विहिरीवर हजारदा आपटून पार विरलेले. बोट लावले तर पाण्यासारखे. पोराच्या हातांची फडकी सोडलेली होती आणि हात गालावर नव्हते, उशाशी सैल पडले होते. किती दिवसांनी तो असा निजला होता, ते त्याच्या आईच्या डोळ्यांखाली दिसत होते.

"मी विचारलं असतं तर तुम्ही दिलं नसतं," यमू म्हणाली.

"हिची आठवण होती ती."

"आईनं ती फाडण्यासाठीच ठेवली होती, बाबा. माझ्या लग्नात मला म्हणाली, तुझ्या पहिल्या वेळी निळं काढू, ते चांगलं मऊ झालंय."

"मला कोणी सांगितले नाही."

"तुम्ही कुठं कोणाचं ऐकून घेता? तुम्ही लिहून घेता."

मी उत्तरासाठी तोंड उघडले. "हळू," ती पुन्हा म्हणाली. एवढा एकच हुकूम मी आयुष्यात अपील न करता मानला. पाळण्याजवळ जमिनीवर बसलो आणि ते निळे कापड पोराच्या श्वासाबरोबर वर-खाली होताना पाहत राहिलो.

त्या दिवसापासून मखमल, जरी, लोकर आणि खळ यांना घरात बंदी झाली. अक्काने झबली शिवली ती शिवण बाहेरच्या बाजूस ठेवून, म्हणजे दोराही टोचायला नको. बंद सैल ठेवले. कपडे साबणाशिवाय, नुसत्या पाण्यात पिळून निघू लागले. जरीचेच काय, लुगड्याचे साधे काठही जाड लागतात म्हणून यमूने ते कापून बाजूला ठेवले. चट्टे एका रात्रीत गेले नाहीत; दोन पावले मागे, तीन पुढे अशी त्यांची चाल होती. पण पाणी सुटायचे थांबले, खपल्या पडल्या, आणि गालावर खाली नवी कातडी दिसू लागली. लुगडी मात्र एकामागून एक ट्रंकेतून उठून पाळण्यात गेली.

इकडे मृग जवळ येत चालला. तांडेलाने सांगून ठेवले, की शेवटचा मचवा आता केव्हाही सुटेल. मी रोज सकाळी चष्मा लावून सामनेवाल्याची तपासणी करू लागलो.

"इथे कोपरात अजून थोडे आहे," मी एके दिवशी जाहीर केले. "अशा अवस्थेत प्रवास धोक्याचा."

अक्काने येऊन पाहिले. "डास चावलाय तो."

"गुडघ्यामागे?"

"तो तीळ आहे, गोविंदा. जन्माचा आहे. तुझ्याही गुडघ्यामागे आहे."

मी चष्मा काढला. यमू कपडे घडी करायची थांबली. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिने पाहू नये असे मला वाटत होते. मग ती दाराबाहेर समुद्राच्या बाजूला पाहू लागली, जशी तिची आई पाहत असे. तिला जायचे होते. तिचे घर तिकडे होते. प्रतिपक्षाचा मुद्दा इतका बिनतोड क्वचितच असतो.

ट्रंकेत शेवटचे एक लुगडे उरले होते, हिरवे. ते नेसून ही मला ओटीवर पान आणून देत असे. दिघीस पोचल्यावर बदलायला कपडे पुरायचे नाहीत, हे मला दिसत होते. मी कात्री घेतली. "बाबा, ते असू द्या," यमू म्हणाली. पण मी बसकण मारली आणि स्वतः तीन झबली बेतली. माझा हात कागदाला सरावलेला, त्यामुळे तिन्ही झबल्यांना डाव्या बाजूस चार बोटे समास सुटला! उजवी बाही खांद्यापाशी, डावी पार पोटापाशी. अक्काने ती उचलून पाहिली आणि हसता हसता तिला ठसका लागला. "अरे, यावर कोर्टाचं तिकीट तेवढं लावायचं राहिलं!" यमूही हसली. मग ती तोंड फिरवून ती झबली घडी करीत बराच वेळ बसली. एकही तिने दुरुस्त केले नाही. तशीच बोचक्यात घातली.

मचवा सुटला तेव्हा सामनेवाला हिरव्या झबल्यात होता, गाल स्वच्छ, डावा हात समासात अडकलेला. चांगुणा बंदरावर होती. "अर्जवालं, प्वार गोमटं दिसतंय," ती म्हणाली. "आता तरी माजा अरज पुरा करा!" मी म्हणालो, आज नको. अक्का त्याच संध्याकाळी किहीमला गेली.

त्या पावसाळ्याचे वर्णन करीत नाही. पावसाचा आवाज पुष्कळ होता आणि त्यात माझा आवाज ऐकू येत नसल्याने मी अर्ज वाचणे बंद ठेवले.

आता नारळी पौर्णिमा होऊन गेली, ऊन पडले. काल सवयीने मी ट्रंक उघडली. आत फक्त कापलेले काठ होते, टोचतात म्हणून यमूने मागे ठेवलेले: निळे, तांबडे, हिरवे. तेच मी दोरीवर ओळीने घातले. चांगुणा रस्त्याने जात होती.

"अर्जवालं, पताका लावल्यात? कोन येनार हाय काय?"

उत्तर सुचले नाही, म्हणून हा अर्ज.

सबब अर्जदाराची नम्र विनंती येणेप्रमाणे. लुगडी परत मागण्याचा अर्जदाराचा हेतू नाही. ती सामनेवाल्याने अंगावरच झिजवावीत. समुद्र आता खुला आहे, तरी सामनेवाल्याने मातोश्रीसह मिळेल त्या मचव्याने चौल मुक्कामी हजर व्हावे. कोपराच्या व गुडघ्याच्या तपासणीस वेळ लागेल, म्हणून मुक्कामाच्या तयारीने यावे. मखमली कुंची नष्ट करण्यात आली आहे (मांजरांनी). या अर्जाचे उत्तर लेखी मिळावे. सामनेवाल्यास लिहिता येत नाही याची अर्जदारास जाणीव आहे, अंगठा चालेल. तो आधी तोंडातून काढून पुसावा, हे कायद्याने बरे. पण न पुसता उठवला तरी अर्जदाराची हरकत नाही. तो ओला कागद अर्जदार काठांच्या शेजारी दोरीवर वाळत घालील, आणि वाळला तरी लगेच काढणार नाही.